कोकणात पहिला पावसाळा? बेगमी अशी कर

अगं, रत्नागिरीत पहिलाच पावसाळा ना तुझा? मग घाटावरच्या सवयी जरा बाजूला ठेव. जूनपासून हवा इतकी दमट होते की मिठाला पाणी सुटतं. ते बरणीतच ठेव, पत्र्याचा डबा गंजतो.

किराणा थोडा थोडा आण. स्वस्त मिळाला म्हणून पाच किलो रवा घेतलास तर अळ्यांचीच चंगळ! आणलेला रवा कोरडा भाजून, पूर्ण गार करून मगच भर.

सुक्या मासळीला मात्र हात आखडू नकोस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे ताजं मिळालंच तर महाग. मे महिन्यातच बोंबील, सुकट, सोडे घेऊन ठेव. बाजारातलं नीट वाळलेलं असेलच असं नाही. बोंबील वाकवून बघ: कटकन मोडला तर ठीक, लवला तर आणखी दोन उन्हं दे. उन्हातून काढून लगेच डब्यात कोंबलेस तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. आधी सावलीत गार होऊ दे, मग घट्ट झाकण.

नारळ फोडलास की डोळ्यांकडची वाटी आधी खव, ती लवकर खराब होते. सोलकढीची भिजवलेली आमसुलं टाकायची नाहीत, आमटीत चालतात.

आणि अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर माळच घे. न सोडता वाऱ्यावर टांग, लागेल तसा एकेक तोड.