टोकांचा गुणाकार कॅल्क्युलेटरशी का जुळत नाही

एका आकड्याऐवजी 'इतके ते इतके' असा पट्टा घेऊन गणित करणारा टर्मिनलवरचा कॅल्क्युलेटर चुकलेला नाही. १०,००० ते ४०,००० फायली, फाईलमागे २ ते ८ सेकंद, तर एकूण वेळ किती? तुम्ही टोकांना टोकं गुणून २०,००० ते ३,२०,००० सेकंद काढलेत, टर्मिनलवर मात्र साधारण ३०,००० ते २,१३,००० आले. मधलं गेलं कुठे, हा तुमचा प्रश्न.

'२ ते ८' ही तुमच्या लेखी हद्द आहे, प्रोग्रामच्या लेखी ९० टक्क्यांचा पट्टा. दोन्ही टोकांबाहेर पाच-पाच टक्के शक्यता उरते. फायलीही ४०,००० च्या वर आणि वेळही ८ सेकंदांच्या वर, असं एकाच वेळी ४०० त एकदाच घडतं.

दोन्ही आकडे लॉगनॉर्मल (म्हणजे ज्यांचा लॉगरिदम घंटेच्या आकारात पसरतो असे) धरून कागदावर ताळा करून बघा. मध्यक (निम्म्या शक्यता ज्याच्या खाली, निम्म्या वर) ४ आणि २०,०००, गुणाकार ८०,०००. दोन्हींचा फैलाव मध्यकाच्या दुप्पट-निमपट. गुणाकारात फैलाव सरळ चौपट होत नाही; लॉगमधल्या विचलनांचे वर्ग मिळवायचे असतात, म्हणून २ चा √२ वा घात, २.६७ च्या आसपास. ८०,००० ला त्याने भागा आणि गुणा, आली टोकं. सरासरी मात्र ९५,५०० निघेल, कारण उजवीकडचं शेपूट लांब आहे. लोक इथे मध्यकालाच सरासरी म्हणून मोकळे होतात.

पण तुमचं उत्तरही अगदीच वाया गेलेलं नाही. फायली वाढल्या की डिस्क मंदावते, म्हणजे दोन्ही आकडे हातात हात घालून चढतात, असं असेल तर खरं उत्तर तुमच्याकडे सरकतं. नातं शंभर टक्के असेल तर नेमकं २०,००० ते ३,२०,०००! हे नातं तुम्ही सांगितल्याशिवाय प्रोग्रामला कळणार नाही, तो दोन्ही आकडे स्वतंत्रच धरतो. मी आधी हेच तपासतो.

त्याच जातीची दुसरी खोड: वर्ग करायचा म्हणून '२ ते ८' दोनदा टाईप केलंत तर दोन वेगळे आकडे धरले जातात आणि ६ ते ४३ येतं. खरा वर्ग ४ ते ६४. म्हणून आधी नाव द्या, मग तेच नाव दोनदा वापरा.

भागाकारात भाजकाच्या पट्ट्यात शून्य येत असेल तर छापलेल्या सरासरीकडे बघूच नका; शून्याजवळच्या आकड्याने भागलं की उत्तर अफाट फुगतं, म्हणून दर वेळी ती वेगळी येईल.

आणि हो, गणित कमांडच्याच ओळीत देत असाल तर अवतरणचिन्हांत द्या. नाहीतर शेल (तुमची कमांड वाचणारा प्रोग्राम) गुणाकाराच्या मोकळ्या * च्या जागी फोल्डरमधल्या फायलींची नावं भरतं आणि तुम्ही भलतीकडेच चूक शोधत बसता.