दोन्ही अ‍ॅड्रिनल मोठ्या दिसल्या म्हणजे कॅन्सरच, असं नाही

वडील साठीच्या पुढचे, मधुमेह, वजन झपाट्याने उतरलेलं. सीटीत दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या, हार्मोन बनवणाऱ्या) मोठ्या, पेट स्कॅनमध्ये चमकणाऱ्या, रिपोर्टखाली ‘मेटास्टॅसिसची शक्यता’, म्हणजे दुसरीकडचा कॅन्सर इथे पसरला असावा. आणि तुम्ही विचारताय, केमोसाठी कुठे जावं. पण तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) तर अजून काढलेलाच नाही!

पेटवर चमकणं म्हणजे तिथल्या पेशी साखर भराभर खातायत, एवढंच. कॅन्सर खातो, तशाच जंतूंशी झुंजणाऱ्या पेशीही खातात. मी पॅथॉलॉजीत आहे. अशा चित्रात फुप्फुसाच्या कॅन्सरचा पसार आणि लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) यांच्या जोडीला टीबी आणि हिस्टोप्लाझ्मोसिस ही नावं यादीत हवीतच. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी पक्ष्यांच्या, वटवाघळांच्या विष्ठेने माखलेल्या मातीतून श्वासावाटे शिरते. सॅम्युएल डार्लिंगने १९०६ मध्ये पनामात तिचं वर्णन केलं, तेही बुरशी न समजता एकपेशीय परजीवी (प्रोटोझोआ) समजून. या बुरशीने तोंडातही व्रण होऊ शकतो, म्हणून तो आहे का, तेही बघा. तंबाखू खाणाऱ्याच्या जिभेवरचा असा व्रण हमखास कॅन्सर वाटतो, आणि वरवरचा तुकडा घेतला तर स्लाइडवरही फसवतो.

सुई घालण्याआधी दोन तपासण्या. पहिली, सकाळचं कॉर्टिसोल (या ग्रंथींचं हार्मोन) आणि एसीटीएच (ते बनवायला लावणारं हार्मोन), कारण दोन्ही ग्रंथी निकामी होत आल्या असतील तर साध्या प्रोसिजरमध्येही बीपी कोसळू शकतं. उलट्या, चक्कर, कमी सोडियम, काळवंडलेली त्वचा असेल तर आजच डॉक्टरांना सांगा. दुसरी मेटानेफ्रिन्स: फिओक्रोमोसायटोमा (याच ग्रंथीतली, बीपी भडकवणारी गाठ; तिच्यात मेटानेफ्रिन्स वाढतात) असताना सुई घालणं धोक्याचं.

आता मुख्य मुद्दा. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला की बुरशी मरते आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) संपलं. म्हणून डॉक्टरांना आधीच विनंती करा: एक भाग फॉर्मालिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, बुरशीच्या कल्चरला आणि टीबीच्या जीनएक्सपर्ट चाचणीला. लॅबला जाणाऱ्या फॉर्मवर ‘मेटास्टॅसिस?’ एवढंच लिहू नका. मधुमेह, ताप, गाव, काम, कोंबड्या-कबुतरांचा संबंध, सगळं लिहून द्या. या बुरशीचे २ ते ४ मायक्रॉनचे यीस्ट आपल्या पेशींच्या पोटात लपलेले असतात. साध्या रंगात ते नजरेतून निसटतात, पीएएस आणि सिल्व्हर स्टेन या खास रंगांमध्ये उठून दिसतात. कल्चरला मात्र चार ते सहा आठवडे लागू शकतात, त्यामुळे निर्णय बहुधा स्लाइडवरच होतो.

‘तुकड्यात कॅन्सर दिसला नाही’ याचा अर्थ कॅन्सर नाही असा होत नाही. सुई चुकीच्या जागी गेलेली असू शकते. आणि नुसता ग्रॅन्युलोमा (दाह-पेशींचा पुंजका, टीबीत आणि बुरशीतही दिसतो) दिसला म्हणून लगेच एकेटी (टीबीची औषधं) सुरू होत असेल, तर बुरशीचे स्टेन झाले का ते विचारा. पुढे हिस्टोप्लाझ्मा निघालाच तर इट्राकोनॅझोल हे बुरशीचं औषध साधारण वर्षभर चालतं, आजार जोरात असेल तर आधी त्याहून जोरदार अ‍ॅम्फोटेरिसिन. एकेटीतलं रिफॅम्पिसिन इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी पार खाली आणतं, म्हणून ‘दोन्ही चालू ठेवू’ हा उपाय इथे चालत नाही. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं.

कॉर्टिसोल किती आलं ते कळवा.