तुमच्या घरातल्या अशा कोणत्या साध्या, कष्टकरी माणसाबद्दल तुम्हाला सगळ्यांना सांगावंसं वाटतं?

माझ्या थोरल्या मामांबद्दल. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. लांजा तालुक्यात विलवड्याच्या बाजूला ते कोकण रेल्वेत ट्रॅकमन होते. मार्गात वडिलोपार्जित जमीन गेली, त्यावर ही नोकरी लागली. 26 जानेवारी 1998 ला मार्ग पूर्ण खुला झाला तेव्हापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी रूळच सांभाळले. गेल्या वर्षी ते गेले.

पावसाळ्यात त्यांना रात्रीची गस्त असायची. अंगात रेनकोट, हातात बत्ती, पिशवीत झेंडी, शिट्टी, पाना आणि फटाके. हे फटाके रुळावर बांधायचे असतात. पुढे दरड आलेली दिसली की बत्ती हलवत गाडीच्या दिशेने धावायचं, 600 मीटरवर 1 आणि 1200 मीटरवर 10-10 मीटर सोडून 3 लावायचे. चाक वरून गेलं की बार होतो, ड्रायव्हर गाडी थांबवतो. काळोखात, कोसळत्या पावसात, ओल्या खडीवरून एवढं धावायचं म्हणजे काय, ते कोकणातला पाऊस पाहिलेल्यालाच कळेल.

कटिंगच्या, म्हणजे रुळासाठी डोंगर कापलेल्या जागेच्या, भिंतीतून कुठे झरा झिरपत असेल तर तात्या तिथे हमखास थांबायचे. पाणी ओंजळीत घेऊन बत्तीसमोर धरायचे. निवळ असलं तर पुढे. कालपर्यंत निवळ असलेलं पाणी आज गढूळ आलं, तर आत माती सुटायला लागली असं समजायचं आणि लगेच वर कळवायचं. मला हे समजावताना त्यांनी खरोखर माझ्याच ओंजळीत पाणी धरायला लावलं होतं.

22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. तो भाग त्यांच्याकडे नव्हता, तरी कितीतरी दिवस त्यांना नीट जेवण गेलं नाही. आता जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की गाड्या ताशी 40 किलोमीटरने चालवतात. गाडी रखडली म्हणून कोणी कुरकुरलं की तात्या शांतपणे सांगायचे, "उशिरा पोच, पण पोच रे बाबा."

आमचं घर खाली जैतापूरला, खाडीच्या काठी. सुट्टीला आले की बहिणीसाठी कापा फणस आणायचे आणि जाताना आईकडून सुके बांगडे, सुकट बांधून न्यायचे. पुढे कळलं, त्यातलं निम्मं डोंगराला जाळी बसवायला आलेल्या झारखंडच्या कंत्राटी पोरांना जायचं. त्यातलाच एक पोर ऐन श्रावणात तापाने फणफणला. तात्यांनी त्याला पाठुंगळीला मारून घरी आणलं, स्वतःच्या खाटेवर निजवलं आणि आपण पडवीत घोंगडी अंथरून झोपले. मामी त्याला पेज भरवायची. आठवडाभराने बरा झाला तेव्हा त्याच्या हातात घरी जायचं तिकीट आणि वाटखर्चाला पैसे दिले. पगार तेव्हा काही फार नव्हता, घरात दोन मुली शिकत होत्या. मामीने एका शब्दाने विचारलं नाही, हेही लिहायला हवं, कारण तात्यांचा चांगुलपणा तिच्याच जिवावर चालायचा.

मामी अजून विलवड्यालाच असते. गणपतीत तिला त्या पोराचा फोन येतो. तिला हिंदी फारसं येत नाही, त्याला मराठी जेमतेम येतं, तरी दोघं पुष्कळ वेळ बोलतात.