केमोथेरपी सुरू असताना व्यायाम करावा का?

प्रश्न : माझे सासरे 67 वर्षांचे असून मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर त्यांची केमोथेरपी सुरू आहे. चार महिन्यांत त्यांचे वजन 68 किलोवरून 61 किलोवर आले. तरुणपणी ते येथील जुम्मादादा व्यायाममंदिरात नेमाने जोर-बैठका काढत. आता झोपाळ्यावरून उठतानाही त्यांना कडी धरावी लागते. नातेवाईक पूर्ण विश्रांतीचा आग्रह धरतात, तर ते स्वतः व्यायाम सुरू करू का, असे विचारतात. काय करावे? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : त्यांनी व्यायाम करावा, मात्र त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून, आणि पोटात पुरेसे अन्न जाते आहे याची खात्री करून. झोपाळ्याची कडी धरावी लागते हे आपण लिहिलेत ते फार बरे झाले, कारण आधाराशिवाय उठता न येणे ही मांड्यांचे स्नायू झिजल्याची घरच्या घरी दिसणारी खूण आहे. सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटले, तर 2011 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येनुसार त्याला कर्करोगजन्य क्षीणता, म्हणजेच कॅकेक्सिया, म्हणतात. सासऱ्यांची घट 10 टक्क्यांची आहे. त्यात शस्त्रक्रियेचाही वाटा असेल, तरी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर आजच घालावी.

या क्षीणतेत केवळ भूक मंदावलेली नसते. आजारामुळे शरीरात सतत दाह चालू राहतो, त्यामुळे स्नायूंतील प्रथिने झपाट्याने तुटतात आणि नवी तयार होण्याचा वेग मंदावतो. त्यावर अंथरुणाला खिळून राहिल्याने उरलेले स्नायूही जातात. म्हणून नातेवाइकांची काळजी खरी असली, तरी पूर्ण विश्रांतीचा सल्ला मला मान्य नाही. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील सीटी स्कॅनवरून स्नायू मोजण्याची पद्धत रुळल्यापासून, स्नायू कमी असलेल्या रुग्णांना केमोथेरपीचा त्रास अधिक होतो, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे.

व्यायामाविषयीचा सर्वांत ठळक पुरावा 2025 साली आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी पूर्ण झालेल्या 889 रुग्णांच्या चाचणीत, तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के आठ वर्षांनंतर हयात होते, तर केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी सुमारे 83 टक्के. पण हे रुग्ण उपचार संपवून चालते-फिरते झालेले होते, हे विसरू नये. प्रत्यक्ष क्षीणता असलेल्या रुग्णांवरील अभ्यास इतके थोडे व लहान आहेत की उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2021 च्या आढाव्याला व्यायामाच्या परिणामाबद्दल ठाम निष्कर्ष काढता आला नाही. म्हणूनच संशोधनाचा रोख आता व्यायाम, आहार आणि औषधे यांच्या एकत्रित उपचाराकडे वळला आहे.

आहाराशिवाय व्यायाम म्हणजे उरलेली शिल्लकही खर्चून टाकणे. कर्करोगाच्या रुग्णांच्या आहाराविषयीच्या युरोपीय मार्गदर्शिकेनुसार वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1 ग्रॅमहून अधिक, शक्य तर 1.5 ग्रॅमपर्यंत प्रथिने हवीत. म्हणजे सासऱ्यांना 61 ते सुमारे 91 ग्रॅम. वाटीभर वरणातून जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात, तेव्हा पनीर, दही आणि चालत असतील तर अंडी दिवसभरात थोडी थोडी द्यावीत. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

जोर-बैठकांची आठवण त्यांना उमेद देईल, पण सुरुवात मात्र खुर्चीपासून करावी. हात असलेल्या भक्कम खुर्चीवरून उठणे-बसणे पाच वेळा, थोडा विसावा, पुन्हा पाच वेळा, असे एक दिवसाआड. आणि रोज घरातच दहा मिनिटे चालणे. ताप, चक्कर, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, नव्याने हाड दुखणे, अथवा प्लेटलेट वा हिमोग्लोबिन फार उतरल्याचा अहवाल, यांपैकी काहीही असल्यास व्यायाम थांबवून रुग्णालयाशी बोलावे. दर रविवारी 30 सेकंदांत ते खुर्चीवरून किती वेळा उठले हा आकडा वजनाशेजारी वहीत लिहावा, आणि पुढच्या केमोथेरपीला जाताना ती वही सोबत न्यावी.