झेंडा अर्ध्यावर ‘उतरवतात’ की ‘फडकवतात’?

प्रश्न असा आला आहे: राष्ट्रीय दुखवट्याच्या बातम्यांत कधी ‘राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवला’ असं छापतात, कधी ‘अर्ध्यावर फडकवला’, तर कधी ‘अर्धा झुकवला’. यांतलं मराठीत बरोबर कोणतं? शिवाय प्रश्नकर्त्याने एक पुस्ती जोडली आहे. ब्रिटनमधल्या छायाचित्रांत झेंडा काठीच्या मध्यापेक्षा बराच वर दिसतो, मग त्याला ‘अर्ध्यावर’ तरी कशाला म्हणायचं?

आधी सरळ उत्तर देतो. कृती सांगायची असेल तर ‘अर्ध्यावर उतरवला’. स्थिती सांगायची असेल तर ‘अर्ध्यावर होता’, ‘अर्ध्यावर फडकत होता’, ‘अर्ध्यावर राहील’ यांतलं काहीही चालेल. ‘अर्ध्यावर फडकवला’ टाळलेलं बरं. ‘अर्धा झुकवला’ तर लिहूच नये.

‘फडकवला’ला हरकत का? एक कारण कानाचं आहे. फडकवणे या क्रियापदाला आपल्याकडे विजयाचा, उत्सवाचा वास आहे. अटकेपार झेंडे नेणाऱ्यांच्या भाषेत ते आनंदानेच वापरलं गेलंय, दुखवट्याच्या वाक्यात ते खटकतं. पण कानाचं सोडा, खरं कारण प्रत्यक्ष कृतीत आहे. दुखवट्याच्या दिवशी दोरी ओढत झेंडा मध्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला, असं करत नाहीत. तो आधी थेट टोकापर्यंत चढवतात, क्षणभर तिथे ठेवतात आणि मग खाली आणतात. संध्याकाळी काढतानाही तसंच: मध्यावरून एकदा टोकाला नेऊन मगच पूर्ण उतरवायचा. भारताच्या २००२ च्या ध्वजसंहितेत हे स्पष्ट लिहिलं आहे, अमेरिकेच्या ध्वजनियमांतही जवळपास याच शब्दांत आहे. म्हणजे झेंडा अर्ध्यावर ‘चढत’ नाही, अर्ध्यावर ‘येतो’. सन्मान पूर्ण उंचीचा द्यायचा आणि मग त्या उंचीवरून मुद्दाम खाली यायचं, हा त्यातला अर्थ. ‘अर्ध्यावर फडकवला’ म्हटलं की नेमका हा क्रम पुसला जातो आणि वर चढता चढता दोरी कुठेतरी अडकली असावी, असं वाटतं.

इथे ‘-वर’ या शब्दयोगी अव्ययाची गंमत पाहण्यासारखी आहे. ‘गच्चीवर पतंग उडवला’ यात ‘-वर’ नुसती जागा दाखवतो. ‘भाव निम्म्यावर आले’ यात तोच ‘-वर’ कुठून तरी निघून कुठे पोचले ते दाखवतो. ‘अर्ध्यावर उतरवला’ हा दुसऱ्या जातीचा प्रयोग आहे, त्यामुळे आधीची पूर्ण उंची न सांगताही त्या दोन शब्दांत येते.

आता ‘झुकवला’. हिंदी बातम्यांत ‘आधा झुका रहेगा’ अशी रूढ शब्दयोजना आहे आणि तिथे ती बिनतक्रार चालते. मराठीत मात्र झुकणे म्हणजे कलणे, वाकणे. ध्वजाच्या बाबतीत वाकवणे हा वेगळाच, दुखवट्याशी संबंध नसलेला प्रकार आहे. संचलनात पथकांचे झेंडे मानवंदना देताना पुढे कलवतात. समुद्रात व्यापारी जहाज युद्धनौकेजवळून जाताना आपलं निशाण थोडं खाली घेऊन पुन्हा वर चढवतं, तेही अभिवादनच. आणि भारतीय ध्वजसंहिता तर सांगते की राष्ट्रध्वज कोणत्याही व्यक्तीला वा वस्तूला मानवंदना म्हणून झुकवायचा नाही. तेव्हा ‘राष्ट्रध्वज झुकवण्यात आला’ असं लिहिणारा उपसंपादक नकळत नियमभंगाची बातमी देत असतो!

‘उतरवला’ एवढंच लिहून भागेल का? नाही. नुसता झेंडा उतरवणे म्हणजे एकतर रोजचा सूर्यास्ताचा शिरस्ता, नाहीतर शरणागती. शिडांच्या जहाजांच्या काळातल्या लढायांत निशाण पूर्ण खाली घेतलं की जहाजाने हार मानली असं समजत. त्यामुळे ‘अर्ध्यावर’ हा शब्द वाक्यातून गाळला तर अर्थाचा अनर्थ होतो.

समुद्राचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबू, कारण ही प्रथा जमिनीवर आली ती समुद्रावरूनच. हमखास दिला जाणारा जुना दाखला १६१२ सालचा आहे. जेम्स हॉल नावाचा इंग्रज दर्यावर्दी त्या वर्षी ग्रीनलंडमध्ये मारला गेला. त्याच्या ताफ्यातलं ‘हार्ट्स ईज’ हे जहाज ‘पेशन्स’ या सोबतच्या जहाजाला येऊन मिळालं, तेव्हा त्याची निशाणं खाली लोंबत होती आणि त्यावरून जहाजावर कुणीतरी दगावलं आहे हे ‘पेशन्स’वरच्यांना कळलं, असं सफरीच्या वृत्तांतात आहे. यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, पाहणाऱ्यांना खुणेचा अर्थ विचारावा लागला नाही, म्हणजे प्रथा त्याहून जुनी असणार. दुसरी, यात ‘अर्धं’ कुठेच नाही! आहे ते खाली येणं, लोंबणं.

ते लोंबणंही एकटं नव्हतं. दुखवट्यात जहाजाची सगळी टापटीप मुद्दाम मोडायची नाविकांची रीत होती. डोलकाठीवरच्या आडव्या काठ्या वाकड्यातिकड्या कलत्या ठेवायच्या, दोरखंड सैल सोडायचे. एरवी दोरीची एक गाठ चुकली तरी ओरडा खाणारे खलाशी त्या दिवशी जहाज विस्कटलेलं ठेवत. शोकात माणूस केस विंचरत नाही, तसंच हे. खाली आलेलं निशाण हा त्या विस्कटण्याचाच एक भाग असावा. पुढे काठ्या-दोरखंडांची शिडाची जहाजं गेली, त्यांच्याबरोबर बाकीच्या खुणा गेल्या आणि झेंडा तेवढा उरला.

दुसरंही एक स्पष्टीकरण लोकप्रिय आहे: झेंडा आपल्या रुंदीएवढा खाली घ्यायचा, कारण वरच्या मोकळ्या जागेत मृत्यूचा अदृश्य ध्वज फडकत असतो. कल्पना सुंदर आहे. पण मला ती मागाहून सुचलेली वाटते. विस्कटलेल्या दोरखंडांचं स्पष्टीकरण मला जास्त पटतं, कारण त्यात खलाशांना कवी व्हावं लागत नाही.

यातूनच पुस्तीचं उत्तरही निघतं. ब्रिटनमध्ये ‘अर्ध्यावर’ म्हणजे काठीच्या दोन तृतीयांश उंचीवर, आणि वर निदान झेंड्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. अमेरिकेत मात्र टोक आणि तळ यांचा बरोबर मध्य. भारतात आणखी वेगळं माप आहे: काठीचं टोक आणि काठीला ताण देणारी दोरी जिथे बांधलेली असते ती जागा, या दोहोंमधलं अर्धं अंतर, आणि अशी दोरी नसेल तर काठीचा मध्य. तीन देश, तीन मापं, आणि नाव तिन्हीकडे ‘अर्ध्याचं’च. मराठीतही ‘अर्ध्यावर’ म्हणताना कुणी पट्टी लावून पाहत नाही. ‘काम अर्ध्यावर टाकलं’ म्हणतो तेव्हा पन्नास टक्के झालं होतं का, असं कोण विचारतं? तेव्हा शब्द बदलायची गरज नाही. उलट आपला शब्द इंग्रजीहून सोयीचा आहे. इंग्रजीत जहाजाची डोलकाठी आणि जमिनीवरचा स्तंभ यांवरून दोन शब्द आहेत: ‘हाफ मास्ट’ आणि ‘हाफ स्टाफ’. अमेरिकेत जमिनीवर दुसराच बरोबर मानतात, ब्रिटनमध्ये दोन्हीकडे पहिलाच चालतो आणि त्यावर वाद रंगतात. आपण काठीचं नावच घेत नाही, म्हणून वादही नाही. कुणी भर घालून ‘अर्ध्या डोलकाठीवर’ लिहितात, ते मात्र सरकारी इमारतीसाठी नको. इमारतीवर ध्वजस्तंभ असतो, डोलकाठी जहाजावर.

‘अर्धवट उतरवला’ असंही एकदोन ठिकाणी वाचलं. अर्धवट म्हणजे नीट न झालेलं. त्याऐवजी ‘निम्म्यावर’ चालेल. ‘उतरवणे’ की ‘उतरविणे’ हा ज्याच्या त्याच्या लेखनशैलीचा प्रश्न, दोन्ही रूपं रूढ आहेत.

बातमी लिहिणाऱ्याने आणखी एक भान ठेवावं: दुखवटा म्हणजे प्रत्येक झेंडा खाली, असं नसतं. सौदी अरेबियाच्या ध्वजावर इस्लामचा कलमा लिहिलेला आहे, म्हणून तो कधीच अर्ध्यावर आणत नाहीत. जानेवारी २०१५ मध्ये राजे अब्दुल्ला गेले तेव्हा लंडनमधल्या सरकारी इमारतींवरचे झेंडे खाली आले, त्यावरून ब्रिटनमध्ये टीकाही झाली, आणि खुद्द सौदीतला झेंडा टोकालाच राहिला. ब्रिटनच्या राजाचं स्वतःचं निशाणही कधी अर्ध्यावर येत नाही, कारण एक राजा गेला त्या क्षणी दुसरा गादीवर आलेला असतो. १९९७ मध्ये डायना यांच्या निधनानंतर बकिंगहॅम राजवाड्यावर झेंडाच का नाही म्हणून लोक चिडले होते. तिथे तोवर फक्त राणीचं निशाण लागे, तेही राणी तिथे मुक्कामी असतानाच. शेवटी अंत्यविधीच्या दिवशी, ६ सप्टेंबरला, तिथे ब्रिटनचा राष्ट्रध्वज अर्ध्यावर आला. जपानमध्ये १९१२ साली, मेइजी सम्राटाच्या निधनानंतर, काठीच्या टोकावरचा गोळा काळ्या कापडाने झाकून वर काळी फीत बांधायची पद्धत ठरवली गेली. अशा ठिकाणी ‘अर्ध्यावर’ लिहिणं चूक, ‘काळी फीत लावलेला ध्वज’ असंच लिहायला हवं.

राहता राहिला दुखवटा संपल्यावरचा शब्द. अमेरिकेत मे महिन्यातल्या स्मृतिदिनी झेंडा दुपारी बारापर्यंतच अर्ध्यावर असतो, नंतर वर जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या दुखवट्यातही नव्या राजाच्या घोषणेसाठी ब्रिटनमधले झेंडे दहा तारखेला सकाळी अकराला वर चढवले आणि अकरा तारखेला दुपारी एकला पुन्हा खाली आणले. अशा वेळी ‘झेंडा पुन्हा फडकवला’ असं लिहिलेलं दिसतं. पण तो मधल्या काळातही फडकतच होता, फक्त खाली. म्हणून ‘पूर्ण उंचीवर नेला’ किंवा ‘टोकाला चढवला’ असं लिहावं.