बोरीच्या पुलापर्यंत गैरहजर

"मॅडम, तो माझा कोणी लागत नव्हता. मग मला एवढं का होतंय?"

गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की समोरच्यानं पहिले तीन शब्द उच्चारले की पुढचं वाक्य मला कळतं. कधी शेजारच्या टेबलावरचा माणूस गेलेला असतो, कधी स्टाफरूममधली मैत्रीण, कधी रोज एकत्र चहा घेणारा. आणि गेलेलं माणूस बहुधा सगळ्यांना हसवणारं असतं. अबोल सहकारीही जातात. त्यांच्यासाठी रडणारे माझ्यापर्यंत पोचतच नसावेत.

त्यातली एक गोष्ट, तिच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

ती वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत तपासणी विभागात. वय पंचेचाळीसच्या आसपास. झोप नाही, डोकं दुखतं, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलेली. चौदा वर्षं एकाच विभागात असलेला सहकारी महिन्याभरापूर्वी रात्री छातीत कळ येऊन गेला होता. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"घरी बाथरूमचा नळ सोडून रडते," ती म्हणाली. "नवरा वाईट बोलला नाही हां. फक्त म्हणाला, तुझा कोण लागत होता तो?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? सहकारी म्हटलं. पुढे बोललेच नाही."

बाई परपुरुषासाठी रडली की लोक लगेच नातं शोधायला लागतात, हे तिला न सांगता ठाऊक होतं. म्हणून नळ.

आपल्याकडे दुःखाला सुतकाची चौकट आहे. सुतकातल्या माणसाला दहा दिवस कोणी 'आता आवर' म्हणत नाही. शेजारपाजारचे जेवण आणतात, बारावं-तेरावं होतं, माणसं येऊन बसतात. सहकाऱ्याच्या वाट्याला येतात दोन मिनिटांची शांतता, सूचना फलकावरचा फोटो आणि लगेच सुरू होणारी पाळी. तिच्या कंपनीत तर तिसऱ्या दिवशी त्याच्या लॉकरवर नव्या मुलाचं नाव चिकटलं. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा मान्यता न मिळालेल्या शोकाला शास्त्रीय नाव दिलं. मी त्याला 'बिनसुतकाचा शोक' म्हणते, आणि खरं सांगू, मला माझंच नाव जास्त आवडतं. ते ऐकल्यावर समोरच्याचे खांदे खाली येतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

तिचेही आले. पण झोप आली नाही. म्हणजे गाठ आणखी कुठेतरी होती.

ती गाठ तिसऱ्या भेटीत सापडली. आदल्या संध्याकाळी तो नेहमीसारखा थट्टा करत तिच्या टेबलाशी आला होता. कामाचा ताण होता, ती खेकसली, "आज नाका रे, तकली खाऊ नाका!" म्हणजे आज डोकं खाऊ नकोस. तो हात वर करून निघून गेला. तेच शेवटचं.

"तुमचा दोष नाही" हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. दहा जणांनी ते तिला आधीच ऐकवलेलं. नवशिकी असताना मीही माफीची खिरापत वाटायचे. आता विचारते.

"तुम्ही चिडलात की तो दुसऱ्या दिवशी काय करायचा?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं मला हजेरी सांगितली.

सकाळी फोंड्याहून कंपनीची बस सुटली की तो ड्रायव्हरच्या मागे उभा राहायचा. हातात औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, तेच हजेरीपत्रक. प्रत्येकाला त्यानं ठेवलेलं नाव. ड्रायव्हर 'कॅप्टन'. ही 'पॉइंट झीरो टू', कारण तेवढ्याशा फरकासाठी तिनं एकदा अख्खी बॅच अडवली होती. ज्याची आई आजारी असेल त्याच्या नावापाशी थांबून हळूच चौकशी. आणि जो त्याच्यावर चिडलेला असेल, तो समोर बसलेला असला तरी "गैरहजर!" बोरीचा पूल येईपर्यंत गैरहजर. बस झुवारी नदी ओलांडून पलीकडे गेली की पुन्हा नाव पुकारायचा, "लेट मार्क. बस गो."

"म्हणजे मॅडम, दुसऱ्या दिवशी मी गैरहजर असते," ती म्हणाली. "पुलापर्यंत." आणि फसकन हसली. लगेच तोंडावर हात. "सॉरी."

"कशाबद्दल?"

"हसले ना."

"चौदा वर्षांत किती वेळा गैरहजर लागलात?"

"असेन वीसेक वेळा."

"आणि पुलापलीकडे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "एकदाही नाही," म्हणाली, आणि तेव्हा जी रडली, ती नळाशिवाय.

मी काहीच बोलले नाही. तिच्या मनात ते भांडण महिनाभर पुलाच्या अलीकडे अडकून पडलं होतं. पलीकडे काय होतं, हे तिला चौदा वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. माझं काम फक्त तिला तिथपर्यंत नेण्याचं होतं. इतक्या वर्षांत मी जे शिकले, त्यात हे मला सर्वात मोलाचं वाटतं: शेवटच्या वाक्याबद्दल झुरणाऱ्याला आधीची शंभर वाक्यं विचारावीत.

पुष्कळ जण व्हॉट्सअॅपवर 'शोकाचे पाच टप्पे' वाचून येतात आणि आपण कितव्यावर आहोत ते विचारतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले, ते मुख्यतः मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ती पायरी-पायरीची शिडी नव्हे. 'विसर, पुढे जा' हा सल्लाही मी देत नाही. गेलेल्याशी नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, हा विचार १९९६ पासून आमच्या क्षेत्रात चांगला रुजलाय आणि मी उघडपणे त्याच बाजूची आहे. म्हणून सांगते, त्याचे विनोद लिहून ठेवा, त्याच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता. ते आठवून हसू आलं तर येऊ द्या, तोही शोकच आहे. पण सहा महिने उलटूनही कामधाम सुचत नसेल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. डॉक्टर गाठा, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आणखी एक. सहकाऱ्याच्या घरी जा. दिवसाचे आठ-दहा तास तो माणूस तुमच्याजवळ होता, तो भाग घरच्यांनी पाहिलेलाच नसतो. हिला भीती होती, त्याच्या बायकोला काय वाटेल? शेवटी नवऱ्याला सोबत घेऊन गेली. हजेरी सांगितली. ती बाई ऐकतच राहिली. म्हणाली, "घरी तर ते फारसे बोलतच नसत." आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. परतताना गाडीत नवरा म्हणाला, "मला का नाही सांगितलंस कधी?"

गणेशचवथीनंतर ती एकदा सहज येऊन गेली, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, घेऊन. झोप बरी होती. बसमध्ये एका तरुण मुलानं तसाच पुठ्ठा काढून हजेरी घेतली म्हणे, पहिल्यांदाच. सगळी नावं झाली आणि त्या पोरानं, जरा घाबरतच, गेलेल्याचंही नाव घेतलं. बस गप्प. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "गैरहजर."

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, राव रे, पूल येवंक आसा. थांब, पूल यायचाय अजून."