हिडकल जलाशयात मासेमारीच्या होडीवर बर्फाची पेटी बांधायची आहे. थर्माकोल लावून आतून फायबर मारलं तर चालेल का?

चालेल, पण आधी रेझिन (फायबरच्या कापडावर लावतात ते, वाळून कडक होणारं रसायन) कुठलं ते बघा. फायबरवाले सहसा पॉलिस्टर रेझिन वापरतात आणि त्यातलं स्टायरीन थर्माकोल खातं. ब्रश फिरवला की डोळ्यांदेखत खड्डे पडायला लागतात. थर्माकोलच वापरायचा तर इपॉक्सी रेझिन घ्या. मी म्हणेन, थोडे पैसे जास्त जाऊ देत, पण पफ शीट (पॉलीयुरेथेन फोमची) घ्या. तिला पॉलिस्टर चालतं आणि तेवढ्याच जाडीत गारवा बराच जास्त टिकतो. बुडाला 4 इंच, बाजूंना 3 इंच तरी ठेवा. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन माहीत आहेच.

खरा शत्रू पाणी. फोम भिजला की पेटी गेलीच समजा. म्हणून कापलेल्या कडांसकट सगळं सील करा, सांधे स्प्रे फोमने भरा आणि होडीच्या तळात साचणारं पाणी पेटीच्या बुडाला लागू देऊ नका. आतले कोपरे गोल ठेवा, नाहीतर खवले अडकून वास सुटतो. झाकण वरून उघडणारं, कडेला रबरी गॅस्केट. बर्फाचं पाणी काढायच्या नळीला यू-बेंड द्या, म्हणजे थंड हवा तिथून निसटणार नाही.

फायबर कापड आणि रेझिनसाठी बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चौकशी करून बघा.